ढग ऊर्फ डग : फॉस्टर क्र. ४ च्या नोंदी

शनिवार, २१ ऑक्टोबर २०२३

टेक्सासच्या हिल कंट्रीतल्या एका लहान काउंटीच्या शेल्टरमधून आज फॉस्टर क्र. ४ उचलला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचा माझा चौथा कुत्रा. ऑस्टिनजवळच्या आमच्या लिअँडरहून जाऊन-येऊन अडीच तास. ग्रेट पिरेनीज (मेंढ्या-शेळ्या राखणारी मोठी पांढरी जात), नर, दातांवरून दोनेक वर्षांचा. वजन ८४ पौंड, म्हणजे ३८ किलो. या जातीचा नर पंचेचाळीस-पन्नास किलोच्या घरात असतो. लांबून गुबगुबीत दिसतो, केसांत हात घातला की बरगड्या मोजता येतात.

एका रँचच्या गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला बसलेला सापडला. त्या रँचवाल्यानं सांगितलं, माझा नाही. कातडीखाली ओळखीची चिप नाही, पट्टा नाही. तीन दिवस मालकाची वाट बघून नाव कुत्री सोडवून घरं शोधणाऱ्या आमच्या गटाकडे आलं. शेल्टरवालीनं कागद पुढे करता करता सांगून टाकलं, सकाळपासून अजून दोन पांढरे आलेत, न्यायचे असतील तर बघ.

हा गाडीत कधी बसलेला नाही. पुढचे दोन पाय चढवले, की मागचे जमिनीत रोवायचा. शेवटी दोघींनी मिळून पोत्यासारखा आत ढकलला. विसाव्या मिनिटाला ओकला. नंतर सगळ्या वाटेवर मागच्या काचेतून मागेच बघत उभा.

रविवार, २२ ऑक्टोबर

अकरा ते साडेतीन जटा सोडवणं. नवरा म्हणाला, मशीन लाव आणि मोकळी हो. शेल्टरमध्येही तेच सुचवलं होतं. पण या कुत्र्यांच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस भरड आणि लांब, खाली बारीक दाट लोकर. वरचा थर ऊन अडवतो, चिखल वाळला की आपोआप गळून पडतो. तो भादरला तर खालची गुलाबी कातडी टेक्सासच्या उन्हात भाजते आणि केस पुन्हा धड येतील याची खात्री नसते. म्हणून कंगवा, कॉर्नफ्लोअर, बोथट कात्री आणि कंबरदुखी.

कानामागं नमद्यासारखा घट्ट थर होता. त्यात गोखरूसारखे काटे, वाळलेला पाला, आणि चौदा गोचिड्या. पंधरावी पापणीवर.

मागच्या प्रत्येक पायाला आतून दोन-दोन जादा अंगठे. हा दोष नाही, ग्रेट पिरेनीजची खूण आहे. मात्र ती बोटं जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे नखं झिजत नाहीत. डाव्या पायातलं एक नख नथीच्या फाशासारखं गोल वळून परत मांसात शिरलं होतं. मी टॉर्च धरला, नवऱ्यानं कटर. कट् झालं तेव्हा कुत्रा हललासुद्धा नाही. टोक चिमट्यानं ओढून काढताना मात्र त्यानं पुढचा पंजा उचलून माझ्या मनगटावर ठेवला. गुरगुर नाही, दात नाही. नुसतं वजन. थांबलो, पाणी पाजलं, मग उरलेलं काढलं. खाली वाटाण्याएवढा खड्डा आणि पू.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

दसरा. सोनं कसलं, हार्टवर्म पॉझिटिव्ह.

अनपेक्षित नाही. डासांतून पसरणारे हे जंत हृदयात आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत वाढतात. महिन्याला एक गोळी दिली तर होत नाहीत. रानात सोडलेल्या कुत्र्याला ती कोण देणार? उपचार लांबलचक. आधी अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक गोळी, मग महिनाभर थांबायचं, साठाव्या दिवशी मेलार्सोमाइनचं पहिलं इंजेक्शन कमरेच्या स्नायूत खोल, नव्वदाव्या दिवशी दुसरं, एक्क्याण्णवाव्याला तिसरं. औषधानं मेलेले जंत फुप्फुसात अडकतात. अशा वेळी कुत्रा पळाला, उड्या मारल्या, तर जीव जाऊ शकतो. म्हणजे मार्चपर्यंत पट्ट्याशिवाय बाहेर नाही. तोवर कुणाला द्यायचाही नाही.

कॅलेंडरवर तारखा लिहिल्या. २२ डिसेंबर, २२ आणि २३ जानेवारी.

रविवार, २९ ऑक्टोबर

लेकीनं नाव ठेवलं, ढग. शेजारच्यांनी विचारलं, तिनं सांगितलं, त्यांना ऐकू आलं ‘डग’. इकडे डग हे चांगलं पन्नाशीतल्या माणसाचं नाव. आता पूर्ण गल्ली त्याला डग म्हणते. क्लिनिकच्या कागदावरही डग. आमच्या गटात पोलर, कॅस्पर आणि घोस्ट इतके झालेत की त्यापेक्षा हा डग बरा.

रविवार, ५ नोव्हेंबर

आज घड्याळं तासभर मागे गेली. ढगला कळवलेलं नाही.

दिवसभर झोपतो. पाच वाजले की उठतो, लांब आळस देतो, आणि कुंपणाच्या कडेकडेनं एक पूर्ण फेरी. मी पंधरा फुटी दोरीचं दुसरं टोक धरून मागं. प्रत्येक कोपऱ्यात थांबून हुंगायचं, मागच्या ओढ्याच्या बाजूला पाय वर करायचा, मग दारापासून जरा पुढं अशा जागी बसायचं जिथून गल्ली दिसते, ओढा दिसतो आणि घराचं दारही दिसतं. ती जागा त्यानं पहिल्याच दिवशी शोधली. मी चार वर्षं या घरात राहते, अशी जागा आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि मग भुंकणं. घशातून नव्हे, पोटातून. मध्ये थांबून ऐकतो, मग पुन्हा. रात्री आत घेते तर खिडकीशी बसून तेच.

सोमवार, १३ नोव्हेंबर

आई ९ तारखेला, वसुबारसेला, साताऱ्याहून आली. घरात कुत्रा आहे हे फोनवर सांगितलं होतं. तो केवढा आहे हे सांगितलं नव्हतं.

काल लक्ष्मीपूजन. आईनं कौतुकानं त्याला बेसनाचा लाडू दिला, वर लावलेल्या बेदाण्यासकट. मी स्वयंपाकघरातून ओरडत आले तेव्हा तो मिटक्या मारत होता. बेदाणा-द्राक्ष कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, आणि कितीनं बाधतं याचा भरवसा नसतो. तातडीच्या लाइनवर फोन, वजन सांगितलं, एक बेदाणा सांगितला. लक्ष ठेवा म्हणाले. रात्रभर ठेवलं. काही झालं नाही. आई मात्र दुखावली. “आमच्या धनग्राची कुत्री शिळी भाकरी खाऊन जगली, बाई. तुझ्या ह्याला बेदाना सोसंना व्हय.”

फ्रिजवर यादी लावली आहे. बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट.

रविवार, १९ नोव्हेंबर

फीड स्टोअरबाहेर पुठ्ठ्यावर लिहिलेलं, ‘पिरेनीजची पिल्लं, फुकट’. टबात नऊ. खरं म्हणजे माझे सगळे शनिवार-रविवार अशा नऊंच्या मागेच जातात, म्हणून हे एकदा लिहून ठेवते.

मेंढ्या आणि शेळ्या दोन्हींत टेक्सास अमेरिकेत पहिला. एडवर्ड्स पठारावर दगड, सीडर आणि काटेरी झुडपं. गाईपेक्षा शेळीलाच परवडणारी जमीन. शेळी आली तिथं कोयोटी, म्हणजे इकडचा कोल्ह्या-लांडग्याच्या जातीतला शिकारी, येतोच. पूर्वी विष घालायचे. १९७२ मध्ये निक्सन सरकारनं सरकारी जमिनींवर शिकारी जनावरांना विष घालायला बंदी केली, आणि पुढच्या महिन्यात पर्यावरण खात्यानं त्या विषांची नोंदणीच रद्द केली. मग लोकांचं लक्ष युरोप-तुर्कस्तानातल्या राखणीच्या कुत्र्यांकडे गेलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात रे आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी इटलीतून, बाल्कनमधून, अनातोलियातून कुत्री आणून शेतकऱ्यांना वाटली आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. आयडाहोत सरकारी मेंढी केंद्रानं ग्रेट पिरेनीज तपासले. कुत्री उपयोगी पडतात हे सिद्ध झालं.

नंतरचं कुणी फारसं लिहीत नाही. कुत्री उपयोगी पडली, पण नसबंदी कुणी केली नाही. एका रँचवर नर-मादी, वर्षाला दहा पिल्लं. दोन कामाची निघतात, कारण दोनच शेळ्यांत नीट वाढवली जातात. बाकी टबात. शिवाय १९९५ नंतर लोकर आणि मोहेरचं (अंगोरा शेळीच्या केसांचं) सरकारी अनुदान बंद झालं, कळप घटले, रँचचे दहा-दहा एकराचे तुकडे पडले. दोन हजार एकर फिरायला बनलेल्या कुत्र्याला दहा एकरांची हद्द कशी कळावी? तो कुंपण ओलांडतो, रस्त्यावर येतो, शेल्टरला जातो, आणि कुणीतरी मला फोन करतं.

टबातली पिल्लं आणली नाहीत. एक उचलून बघितलं. ठेवलं.

शनिवार, २ डिसेंबर

डॉक्सी संपून दहा दिवस झाले. गोळ्यांचा छळ संपला असं नाही, जंत रोखणारी महिन्याची आहेच. चीजमध्ये दिली, चीज खाल्लं आणि गोळी जमिनीवर, धुतल्यासारखी स्वच्छ. पीनट बटरमध्ये तेच. (डबा बघून घ्यावा लागतो, झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष.) आईनं भाकरीच्या कुस्करात तूप घालून लाडवासारखं वळलं, गोळी मधोमध. पहिले दोन लाडू बिनगोळीचे, तिसरा गोळीचा, आणि चौथा हातात धरून दाखवायचा. चौथ्याच्या घाईत तिसरा गिळला जातो. हीच युक्ती आता गटातल्या तिघी वापरतात. भाकरीऐवजी टॉर्टिया.

संध्याकाळी आई अंगणात खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसते. आईचं माहेर माण तालुक्यात, दहिवडीजवळ. पीक निघालं की आजोबा शेतात धनगरांची मेंढरं बसवायचे, खतासाठी. बदल्यात ज्वारी. रात्री वाघर (जाळीचं कुंपण) लावून मेंढरं आत, आणि वाघरीबाहेर दोन-तीन कुत्री. लांडगा तेव्हा सर्रास.

आज म्हणाली, “ह्यो झोपल्याला नसतोय. पडून ऱ्हातोय नुसता. कान बघ.”

बघितला. डोळे मिटलेले, आणि ओढ्याकडचा कान आपला आपण वळत होता.

मी म्हटलं, धनगर लाड करायचे का गं कुत्र्यांचे? “हात लावू देत नव्हते. मानसाला सवकला का वाघर सोडतोय.” मग थांबून, “ह्यो सवकला तुझ्यामुळं.”

शुक्रवार, २२ डिसेंबर

पहिलं इंजेक्शन. सकाळी सोडला, संध्याकाळी आणला. कंबर दुखतेय, बसताना थरथरतो. प्रेडनिसोन (सूज उतरवणारं स्टिरॉइड) सुरू, म्हणजे पाणी-पाणी आणि दर दोन तासांनी बाहेर. ४८ इंची पिंजरा दिवाणखान्यात. सोफा गॅरेजमध्ये.

वजन ९४ पौंड.

मंगळवार, १६ जानेवारी २०२४

कालची संक्रांत गोठली. पहाटे पारा शून्याच्या बराच खाली, नळांना फडकी बांधलेली, शाळा बंद. लघवीला नेला तर गोठलेल्या गवतावर आडवा झाला आणि उठेचना. चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं सुख. मी दोरी धरून पाऊण तास उभी, दोन स्वेटर, कानटोपी आणि आईची शाल. नवऱ्यानं खिडकीतून फोटो काढला, मदत केली नाही.

मंगळवार, २३ जानेवारी

दुसरं काल, तिसरं आज. दुसऱ्या बाजूला टोचलं. खोकला नाही, ताप नाही. इथून सहा आठवडे कडक विश्रांती.

रविवार, ११ फेब्रुवारी

घरमालक संघटनेचं पत्र. “रात्रीच्या वेळी श्वानाचा सततचा उपद्रव.” दुसऱ्यांदा आलं तर दंड.

मी संगणकवाली. रागावण्याऐवजी तक्ता केला. मागचे चौदा दिवस दाराच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि भुंकल्याच्या वेळा शेजारी-शेजारी लावल्या. एकूण ६१ वेळा. त्यांतल्या १७ वेळा कॅमेऱ्यात काहीतरी आहे. कोयोटी पाच वेळा, दोनदा जोडीनं, ओढ्याकडून आमच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत आलेले. ओपॉसम, पेपरवाल्याची गाडी, एक हरणी. उरलेल्या ४४ वेळा मला काही दिसत नाही, याचा अर्थ काही नव्हतं असा मी काढलेला नाही.

तक्ता संघटनेला पाठवला नाही. त्यांना कोयोटी नको आहेत, आवाजही नको आहे. ढगला बेडरूमच्या आतल्या बाजूच्या पॅसेजमध्ये हलवला आणि मोठा पंखा लावला. (नंतरची भर: चौदा दिवसांत ६१ होते, पुढच्या आठवड्यात १९.) तो खूष नाही. दाराच्या फटीशी नाक लावून पडतो.

शनिवार, ९ मार्च

विश्रांती संपली, कालच नसबंदी झाली. दत्तकाचा मजकूर लिहून गटाला पाठवला. मूळ इंग्रजीत, इथं मराठीत उतरवते, कारण पुढं याचं काम पडणार आहे असं मला वाटतं:

“डग हा अडीच वर्षांचा शांत, देखणा, प्रेमळ राजा. मुलांशी उत्तम. पंजा देऊन लाड मागतो. दिवसभर तुमच्या पायाशी झोपेल. रात्री कधी कधी थोडा बोलका.”

(नंतरची भर: पाच दिवसांत सव्वीस अर्ज.)

शनिवार, ३० मार्च

गेला. ऑस्टिनच्या दक्षिणेला नवी वसाहत, तरुण जोडपं, सहा फुटी लाकडी कुंपण. दोघंही घरून काम करणारे. घर बघितलं, प्रश्न विचारले, दोन्ही संदर्भ चांगले. लेक गाडीत रडली. आई म्हणाली, लांब हाय का? मी म्हटलं, तासभर. मग गप्प.

रविवार, ७ एप्रिल

परत आला. आठ दिवस.

उद्याच्या ग्रहणासाठी अर्धी अमेरिका हिल कंट्रीकडे निघालेली, त्या गर्दीत ते दोघं अडीच तास गाडी चालवत आले. वाईट माणसं नाहीत. तिचे डोळे सुजलेले. रात्री अकरा ते चार, रोज. तिसऱ्या दिवशी शेजारी दारात, पाचव्या दिवशी पोलीस. सहाव्या दिवशी भुंकलं की सिट्रोनेला उडवणारा पट्टा घातला, तर हा दोन तास डोळे चोळत राहिला आणि मग लिंबाचा वास अंगावर घेऊन पुन्हा भुंकायला लागला. “तुम्ही लिहिलं होतं, कधी कधी,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यानं जास्त लागलं.

माझ्याकडे ६१ वेळांचा तक्ता होता. मी लिहिलं होतं ‘थोडा बोलका’.

पिंजरा पुन्हा जोडला. ढग सरळ अंगणात गेला, फेरी मारली आणि आपल्या जागेवर बसला.

मंगळवार, ९ एप्रिल

काल सोमवती अमावास्या आणि खग्रास सूर्यग्रहण, आज पाडवा. आईच्या दृष्टीनं फार कामाचे दोन दिवस.

भारतात ग्रहण दिसणार नव्हतं, त्यामुळे तिकडच्या कुणी वेध पाळले नाहीत. आईनं इथल्या वेळेनं पाळले. पाण्यावर तुळशीचं पान. (तुळस म्हणजे इटालियन बेझिल. चालतं म्हणाली.) आम्ही अंगणात चष्मे घेऊन. आकाश गच्च भरलेलं, मधूनच एखादी फट. दीड वाजून गेल्यावर अचानक कुणीतरी दिव्याचं बटण बंद केल्यासारखं झालं. गल्लीतले दिवे लागले, किडे ओरडू लागले.

ढग उठला. आळस दिला. संध्याकाळची फेरी सुरू केली, पहिला कोपरा, दुसरा कोपरा. ओढ्याकडच्या कुंपणाशी पाय वर केला तोवर उजाडायला लागलं. पाय तसाच वर. आमच्याकडे बघितलं, आकाशाकडे नाही, आमच्याकडेच, हे काय चाललंय तुमचं अशा नजरेनं. फेरी अर्धवट टाकून परत येऊन झोपला.

रात्री बसून मजकूर नव्यानं लिहिला:

“डग रात्री भुंकतो. रोज भुंकतो, अकरा ते पहाटे चार. हे बंद होणार नाही, बंद करायला जाऊ नका. हाक मारली तर येतोच असं नाही. उघडं फाटक दिसलं तर जातो. शेजारी ऐकू येण्याइतके जवळ असतील तर कृपया अर्ज करू नका. दिवसा झोपतो. पंजा देतो.”

आज गुढीच्या साखरगाठीची एक गाठ त्यानं पळवली.

रविवार, १४ एप्रिल

दोन अर्ज. एकानं कंसात विचारलंय, ‘व्होकल कॉर्ड’ काढता येतात का. उत्तर दिलं नाही.

दुसरा मेसन काउंटीतून. साठीची बाई, एकटी, ९० एकर, बोअर जातीच्या २६ संकर शेळ्या. अकरा वर्षांची अनातोलियन जातीची राखणीची कुत्री आहे, तिचे पाय थकलेत. या महिन्यात दोन करडं गेली. अर्जात एकच वाक्य जास्तीचं: “भुंकत नाही असा कुत्रा मला पाठवू नका.”

आता अडचण गटाची. आमच्याकडचे बहुतेक कुत्रे व्हॅननं उत्तरेला जातात, कोलोरॅडो, वॉशिंग्टन, थंड हवेत, सोफ्यावर. कामाला कुत्रा द्यायचा नाही असं काहीजणींचं ठाम मत, आणि ते उगाच नाही. रँचवरून आलेले हार्टवर्मवाले, गोळी लागलेले, पाय तुटलेले कुत्रे त्यांनीच सांभाळलेत. मला मात्र वाटतं, आपण ज्या कामावरून त्यांना सोडवतो ते कामच वाईट असं आपण धरून चाललोय. वाईट आहे ते टबात पिल्लं वाटणं आणि डॉक्टरला न दाखवणं. दोन तास फोनवर वाद. शेवटी अटी ठरल्या. महिन्याची गोळी आणि वार्षिक तपासणी, बांधून ठेवायचा नाही, सावली-पाणी, जीपीएस पट्टा, शेळ्या थांबतील असं जाळीचं कुंपण, आणि नाही जमलं तर परत आमच्याकडेच. बाईनं सगळ्यांवर सही केली आणि विचारलं, एवढंच?

शनिवार, २० एप्रिल

भेट. हा शेळ्यांत वाढलाय की नाही हे आम्हाला माहीत नाही. सॅन अँजेलोला टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं केंद्र राखणीच्या कुत्र्यांवर काम करतं. त्यांचं म्हणणं, पिल्लू आठ आठवड्यांचं असल्यापासून जनावरांच्या सोबत वाढलं तर नातं पक्कं जमतं. अडीच वर्षांच्या अनोळखी कुत्र्याचं काय, हे बघूनच कळणार.

आधी बाहेरून कुंपणाची पूर्ण फेरी, दोरीवर. मग शेळ्यांच्या वाड्याला लागून असलेल्या रिकाम्या कप्प्यात. मध्ये जाळी. मी एकाच गोष्टीकडे बघत होते, तो शेळ्यांकडे टक लावतो का. टक लावली, अंग ताठ झालं, तर तिथंच संपलं, गाडीत परत.

त्यानं मान खाली घातली आणि तोंड फिरवलं. डोळे बारीक, शेपटी खाली सैल. एक म्हातारी शेळी जाळीपाशी आली, पाय आपटला. हा कुशीवर झाला. ती गेल्यावर हळूच उठला, जाळीतून तिच्या शेपटीखाली हुंगला, आणि परत तोंड फिरवलं. बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, “याला शेळी माहीत आहे.”

करडानं जाळीतून त्याचा कान ओढला. त्यानं कान सोडवून घेतला, जागा बदलली. बस.

शनिवार, २७ एप्रिल

सोडला. वजन १०५ पौंड, साडेसत्तेचाळीस किलो. पहिले तीन आठवडे लागूनच्या कप्प्यात, दिवसा दोरीवर वाड्यात, रात्री अनातोलियन म्हातारीसोबत. एकटा मोकळा अजून नाही.

आईनं पंधरा भाकऱ्या थापून फॉइलमध्ये बांधून दिल्या. बाईला समजावून सांगितलं, तिसऱ्यात गोळी. लेक आली नाही.

शुक्रवार, ३ मे

आई गेली. विमानतळावर सुरक्षा रांगेत शिरताना शेवटचं वाक्य, “कोयट्याचं काय झालं ते कळीव.”

रविवार, १९ मे

मेसनहून फोन. चांगलं आणि वाईट एकत्र.

वाईट: दोन कोंबड्या मारल्या. खेळताना, खाल्ल्या नाहीत. बाईनं कोंबड्यांभोवती विजेची तार टाकली, त्यानं एकदा नाक लावलं, आता त्या बाजूनं जात नाही. आणि बुधवारी पहाटे कुंपणाखालून उकरून गेला, जीपीएसवर दोन मैल लांब. हे जास्त गंभीर. टेक्सासच्या कायद्यानं जनावरांवर धावून जाणाऱ्या कुत्र्याला गोळी घालता येते, आणि अनोळखी पांढरा कुत्रा कळपाजवळ दिसला तर कोण थांबून विचारतं? शेजारच्या रँचवाल्याला बाईनं आधीच त्याचा फोटो दाखवून ठेवला होता. त्यानं पिकअपमध्ये घालून आणून दिला. गाडीत बसायला त्रास दिला नाही म्हणे. आम्ही ढकलला होता तो.

चांगलं: ती खिडकीतून फोन धरून उभी होती. मागं ऐकू येत होतं. तोच आवाज, मध्ये थांबून ऐकणं, पुन्हा. जरा लांबून म्हातारीचा खर्जातला जबाब.

कोयोट्याचं आईला अजून काय कळवणार? आला असेल तर पुढं गेला असेल. करडं सोळा आहेत, सोळाच्या सोळा.

बाई कुंपणाखाली आता जाळीचा आडवा पट्टा पुरतेय. त्याचे निम्मे पैसे गट देतोय, त्यासाठी पुन्हा तासभर वाद.

गुरुवार, ६ जून

क्र. ५ शनिवारी येतेय. मादी, वर्षाची, एका फीड स्टोअरच्या पार्किंगमधून. टबातल्या नऊपैकी असेल का, हा प्रश्न मनात येऊन गेला, वयाचा हिशेब लागत नाही. हार्टवर्म निगेटिव्ह. पुढच्या डाव्या पायानं लंगडते.

४८ इंची पिंजरा धुऊन वाळत घातलाय. सोफा परत गॅरेजमध्ये. संघटनेच्या अध्यक्षांना स्वतःहून ईमेल करून टाकली, दोन महिने आवाज होईल.

गटानं दत्तकाचा मजकूर आत्तापासूनच मागितलाय, फोटोसाठी जागा सोडून. म्हटलं, आधी चौदा रात्री ऐकू द्या.